भाडं नसलेलं घर: इंचॉनच्या ‘जॉन्से’ घोटाळ्याचा प्रकरण अभ्यास

२०२३ साली दक्षिण कोरियातल्या इंचॉन शहरात, मिचुहोल-गू या जुन्या वस्तीच्या भागात, काही इमारतींवर मोठाले फलक लागले होते. ही इमारत जॉन्से घोटाळ्यात सापडलेली आहे, लिलावात इथलं घर घेऊ नका, असा त्यांचा अर्थ. फलक लावणारे त्याच इमारतींत राहणारे भाडेकरू होते. आपलंच राहतं घर विकलं जाऊ नये म्हणून ते अनोळखी गिऱ्हाइकांना दारातूनच परत पाठवत होते. यातल्या बहुतेकांनी त्या घराचं महिन्याचं भाडं म्हणून कधी एक वॉनही दिला नव्हता. तरी त्यांची आयुष्याची पुंजी त्या भिंतींत अडकली होती.

बाहेरून पाहिलं तर हा साध्या फसवणुकीचा गुन्हा आहे. एक बिल्डर, त्याचे दलाल, शेकडो भाडेकरू, अटक, खटला, शिक्षा. कागद उलगडत गेलं की दिसतं, यातले बहुतेक व्यवहार उघड नोंदलेले होते, करार रीतसर होते, दलाल परवानाधारक होते. घोळ वेगळ्याच ठिकाणी होता: या मंडळींना सगळे भाडेकरू म्हणत होते, आणि ती होती सावकार.

हेवी डिपॉझिट, पण देशभर

मुंबईत घर शोधलेल्या माणसाला ‘हेवी डिपॉझिट’ समजावून सांगावं लागत नाही. मालकाला एकरकमी मोठी रक्कम द्यायची, भाडं शून्य किंवा नावापुरतं, मुदत संपली की रक्कम जशीच्या तशी परत. मालकाला बिनव्याजी भांडवल, भाडेकरूला बिनभाड्याचं घर. आपल्याकडे हा आडवाटेचा प्रकार आहे. कोरियात तो कित्येक दशकं राजमार्ग होता, आणि त्याचं नाव जॉन्से.

जॉन्सेत करार साधारण दोन वर्षांचा असतो आणि ठेव घराच्या किमतीच्या निम्म्यापासून ऐंशी टक्क्यांपर्यंत जाते. सोळा वॉनला एक रुपया असा ढोबळ हिशेब धरला, तर १० कोटी वॉनची ठेव म्हणजे बासष्ट लाख रुपयांच्या आसपास. साध्या, छोट्या घरासाठी ही काही अचाट रक्कम नाही.

ही पद्धत टिकली यालाही सबळ कारण होतं. १९७०-८० च्या दशकांत कोरियाचं औद्योगिकीकरण जोरात होतं आणि बँकांचा पैसा निर्यातदार कारखान्यांकडे वळवला जात होता. सामान्य माणसाला गृहकर्ज मिळणं कठीण. मग घर घेणारा भाडेकरूकडूनच पैसा उभा करायचा. व्याजदर दोन आकडी असल्याने ठेव नुसती बँकेत ठेवली तरी भाड्याहून जास्त मिळायचं, आणि घरांच्या किमती चढत असल्याने तीच ठेव लावून दुसरं घर घेतलं तर आणखीच. भाडेकरूच्या दृष्टीने तो जिन्याचा मधला टप्पा होता: आधी ‘वोल्से’, म्हणजे महिन्याच्या भाड्याचं घर, मग पैसे साठवून जॉन्से, मग ठेव परत घेऊन त्यात भर टाकून स्वतःचं घर. वोल्से म्हणजे पाण्यात गेलेला पैसा, हे कोरियन आईबापांचं मत आपल्याकडच्या आईबापांना लगेच पटेल.

पुढे एक गोष्ट बदलली आणि ती फारशी कुणाला खटकली नाही. व्याजदर उतरत गेले, ठेवी फुगत गेल्या. नुकत्याच नोकरीला लागलेल्या पोराकडे एवढी रक्कम साठलेली कुठून असणार? म्हणून जॉन्सेसाठी खास कर्जं निघाली. सरकारी हमीच्या जोरावर बँका ठेवीच्या ऐंशी टक्क्यांपर्यंत कर्ज देऊ लागल्या. कल्याणकारी योजना म्हणून हे छान दिसत होतं. पण पूर्वीचा भाडेकरू स्वतःची बचत मालकाकडे ठेवत होता, आणि आताचा भाडेकरू बँकेकडून उधार आणून मालकाला उधार देत होता. मालक बुडाला तर नुसती बचत जाणार नव्हती, उरावर कर्जही राहणार होतं.

टोपीखाली टोपी

कोरियन वर्तमानपत्रांनी या बिल्डरला ‘बांधकामसम्राट’ म्हटलं. साधारण २००९ पासून तो मिचुहोल-गूमध्ये जमिनी घेत होता. नावं नातेवाइकांची आणि ओळखीपाळखीच्यांची, पैसा आणि निर्णय त्याचे. जमिनीवर इमारत उभी करायची, ती बँकेकडे गहाण ठेवून कर्ज काढायचं, घरं जॉन्सेवर द्यायची, आलेल्या ठेवींतून पुढची जमीन. सोलपर्यंत एक नंबरची मेट्रो असलेला हा परिसर आणि तिथली नवी कोरी, स्वस्त घरं. तरुण जोडपी, कारखान्यांतले कामगार, एकटे राहणारे नोकरदार येत गेले. इंचॉन आणि आजूबाजूच्या ग्योंगी प्रांतात मिळून सुमारे २,७०० घरं त्याच्या ताब्यात असल्याचं पुढे तपासात आलं. हौस एवढ्यावर भागली नाही. पूर्व किनाऱ्यावरच्या तोंगहे शहरात त्याने पर्यटन-विकासाचा मोठा प्रकल्पही अंगावर घेतला होता.

मराठीत याला ‘याची टोपी त्याच्या डोक्यावर’ म्हणतात. मुदत संपलेल्या भाडेकरूची ठेव नव्या भाडेकरूच्या ठेवीतून द्यायची. नवा भाडेकरू मिळतोय आणि ठेवी चढत्या आहेत, तोवर कुणाचंच डोकं उघडं पडत नाही. आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर संपूर्ण जॉन्से पद्धत याच तत्त्वावर चालते. सज्जन घरमालकही जुन्याची ठेव नव्याकडूनच घेऊन फेडतो. म्हणूनच या माणसाने नेमकी लबाडी कधी सुरू केली, हा प्रश्न पुढे न्यायालयाला इतका जड गेला.

कागदावर काय दिसत होतं

आपल्याकडे सातबाऱ्यावर ‘इतर हक्क’ या रकान्यात बोजा दिसतो. कोरियातही घराच्या नोंदीचा उतारा कुणीही काढू शकतो, आणि मिचुहोलमधल्या या घरांच्या उताऱ्यांवर बँकेचा बोजा स्वच्छ दिसत होता. मग लोकांनी सह्या का केल्या?

कारण दलाल. यातले बरेच दलाल वरकरणी स्वतंत्र कार्यालयं थाटून बसले होते, पण पगार त्यांना बिल्डरच देत होता. बोजाबद्दल विचारणाऱ्याला ते सांगत की मालक बडा आहे, त्याच्या कितीतरी इमारती आहेत, आजवर कधी काही झालेलं नाही. शेवटचं वाक्य तर खरंच होतं. त्यावरही कुणी कां-कू केली तर ठेव परत न मिळाल्यास आम्ही भरून देऊ, असं लेखी हमीपत्र दलाल पुढे करत. शिवाय प्रत्येक करारासोबत दलालांच्या विम्याचं प्रमाणपत्र जोडलेलं असतंच. त्यावरची रक्कम भरघोस दिसते. मात्र ती एका व्यवहाराची नसून त्या दलालाच्या वर्षभराच्या सगळ्या व्यवहारांची मिळून मर्यादा असते. एका दलालाकडे शंभर दावे आले तर प्रत्येकाच्या वाट्याला चणे-फुटाणेच.

कायद्याचं संरक्षणही होतं. १९८१ चा घरभाडे संरक्षण कायदा सांगतो: घरात राहायला जा, स्थानिक कार्यालयात पत्ता नोंदवा, करारावर तारखेचा शिक्का मारून घ्या, म्हणजे घर विकलं गेलं तरी रांगेत तुमचा नंबर लागेल. फक्त हा हक्क पत्ता नोंदवल्याच्या दुसऱ्या दिवशी, रात्री बारापासून लागू होतो. बँकेचं गहाणखत मात्र नोंदवल्या दिवशीच लागू. तुम्ही सकाळी सामान हलवत असताना मालकाने बँकेत जाऊन कर्ज काढलं, तर बँक तुमच्या पुढे. मालकाचा थकलेला करही रांगेत भाडेकरूच्या पुढे घुसू शकत होता, आणि तो किती थकलाय हे मालकाच्या संमतीशिवाय भाडेकरूला बघताही येत नव्हतं. ही अट एप्रिल २०२३ मध्ये शिथिल झाली.

कर्ज देण्याआधी बँक तारण तपासते, बोजा नोंदवते, आणि तोही मूळ रकमेच्या १२० टक्क्यांपर्यंतचा, म्हणजे व्याज-दंड धरून. भाडेकरूने कधीकधी बँकेइतकीच रक्कम त्याच घरात घातलेली असायची. त्याच्या हातात मात्र किल्ली आणि शिक्का मारलेला कागद.

लिलाव

मे २०२० मध्ये कोरियाच्या मध्यवर्ती बँकेचा व्याजदर अर्ध्या टक्क्यावर होता. ऑगस्ट २०२१ पासून तो चढू लागला आणि जानेवारी २०२३ मध्ये साडेतीन टक्क्यांवर पोचला. घरांच्या किमती उतरल्या. जॉन्सेच्या कर्जाचं व्याज महाग झाल्यावर नवे भाडेकरू वोल्सेकडे वळले. २०२२ साली देशातल्या भाडेकरारांत महिन्याच्या भाड्याचे करार पहिल्यांदाच निम्म्याच्या वर गेले. टोपी द्यायला पुढचं डोकंच उरलं नाही. बांधकामसम्राटाचे बँकांचे हप्ते थकले आणि २०२२ मध्ये मिचुहोलची घरं एकामागून एक लिलावाला निघाली. कित्येकांना आपलं घर लिलावात आहे हे न्यायालयाची नोटीस आल्यावर कळलं.

एक उदाहरण मांडून पाहू. समजा घराची किंमत १५ कोटी वॉन, बँकेचं कर्ज ९ कोटी, भाडेकरूची ठेव ८ कोटी. बेरीज १७ कोटी, म्हणजे घराहून घरावरचं देणं मोठं. कोरियात अशा घराला ‘रिकामा डबा’ म्हणतात. इंचॉनच्या न्यायालयात लिलावाची एक फेरी रिकामी गेली की किमान बोली ३० टक्क्यांनी खाली येते. १५ वरून साडेदहा, तिथेही कुणी आलं नाही तर सुमारे सात. नऊला जरी विकलं गेलं तरी ते सगळे बँकेचे. भाडेकरूच्या आठ कोटींपैकी काही नाही, आणि नव्या मालकासाठी घर खाली करायचं.

आता फलकांचा अर्थ लागतो. लिलाव लांबला तर डोक्यावर छप्पर राहतं. घर खरोखर विकलं गेलं तर छप्परही जातं आणि ठेवही.

आठ कोटींची रेघ

या प्रकरणातला सगळ्यात बोचणारा तपशील एका सवलतीचा आहे. गरीब भाडेकरू पूर्ण बुडू नये म्हणून कायद्यात तरतूद होती: ठेव ठरावीक मर्यादेच्या आत असेल, तर लिलावाच्या पैशातून थोडी रक्कम बँकेच्याही आधी त्याला. मर्यादा वेळोवेळी वाढवली जाते. फेब्रुवारी २०२३ मध्ये इंचॉनसाठी ती साडेचौदा कोटी वॉन झाली. पण कोणती मर्यादा लावायची हे भाडेकराराच्या तारखेवरून ठरत नाही. घरावरचं पहिलं गहाणखत ज्या दिवशी नोंदलं, त्या दिवशीची मर्यादा लागू होते.

यातल्या काही इमारती २०१७ च्या होत्या. तेव्हाची मर्यादा ८ कोटी वॉन आणि मिळणारी रक्कम २ कोटी ७० लाख. एका घराची ठेव आधी ७ कोटी २० लाख होती, म्हणजे रेघेच्या आत. कराराचं नूतनीकरण करताना २०२१ मध्ये ती ९ कोटी झाली. त्या सहीने भाडेकरू रेघेबाहेर गेला आणि २ कोटी ७० लाखांचा हक्कही संपला. जास्त पैसे अडकले म्हणून कमी संरक्षण. कायदा करणाऱ्यांचा तर्क मला कळतो: आज कर्ज देणाऱ्या बँकेला उद्या मर्यादा वाढल्याचा फटका बसू नये, तिला पहिल्या दिवशीच आपला धोका ठाऊक असावा. बँकेच्या मनःशांतीसाठी तारीख गोठवली गेली. सही करताना रेघ कुठे आहे हे भाडेकरूला सांगणं कुणाचंच काम नव्हतं.

फेब्रुवारी ते एप्रिल २०२३ या दोन महिन्यांत मिचुहोलच्या तीन तरुण भाडेकरूंनी आत्महत्या केल्या. त्यातले दोन मृत्यू एप्रिलच्या एकाच आठवड्यातले. तोवर ‘व्यवहारात थोडं इकडेतिकडे होतंच’ असं म्हणणारा देश हादरला.

सरकार, संसद, न्यायालय

तिसऱ्या मृत्यूनंतर लगेच, १८ एप्रिलला, राष्ट्राध्यक्ष युन सक-यॉल यांनी पीडितांच्या घरांचे लिलाव थांबवण्याचे आदेश दिले. २५ मे रोजी विशेष कायदा संमत झाला आणि १ जूनपासून लागू. समिती अर्ज तपासून पीडित ठरवणार. पीडिताला लिलावात घर पहिल्यांदा घेण्याचा हक्क, त्यासाठी स्वस्त कर्ज. ते नको असेल तर सरकारी गृहनिर्माण महामंडळ घर विकत घेऊन त्यालाच भाड्याने देणार. थोडक्यात, ज्या घरात आधीच पैसे बुडालेत तेच घर पुन्हा कर्ज काढून विकत घ्या. पीडितांच्या संघटना यावर भडकल्या, ते रास्तच होतं.

त्यांची मागणी होती की सरकारने ठेव आधी द्यावी आणि नंतर मालकाकडून वसूल करावी. विरोधी पक्षाने तसं विधेयक २०२४ मध्ये संसदेत मंजूरही करून घेतलं, युन यांनी मे अखेरीस नकाराधिकार वापरला. खाजगी करारातलं नुकसान करदात्यांनी का सोसावं, हा त्यांच्या बाजूचा युक्तिवाद पोकळ नाही. पण जॉन्सेची कर्जं सरकारी हमीवर वाटताना हा व्यवहार खाजगी राहिला होता का? सरकारी हमी महामंडळाने २०२३ या एका वर्षात घरमालकांच्या वतीने सुमारे साडेतीन लाख कोटी वॉन भाडेकरूंना चुकते केले. आपल्या हिशेबात बावीस हजार कोटी रुपयांच्या आसपास. करदाता त्यात आधीच होता. ज्यांनी ठेव परत मिळण्याची हमी घेतली त्यांच्यासाठी होता, ज्यांना ती घ्यायची असते हे माहीत नव्हतं किंवा बोजामुळे मिळाली नाही, त्यांच्यासाठी नव्हता.

ऑगस्ट २०२४ मध्ये दोन्ही पक्षांच्या सहमतीने मधली वाट निघाली. गृहनिर्माण महामंडळ लिलावात घर स्वस्तात घेणार, आणि किमतीतला जो फरक वाचेल तो भाडेकरूच्या भाड्यात वळता करणार, म्हणजे दहा वर्षं बिनभाड्याचं राहणं. पुन्हा बिनभाड्याचंच घर! कायद्यानुसार पीडित ठरलेल्यांची देशभरातली संख्या २०२५ पर्यंत तीस हजारांच्या वर गेली. त्यातले सुमारे तीन चतुर्थांश चाळिशीच्या आतले.

खटल्याचा निकाल मात्र भाडेकरूंच्या पचनी पडला नाही. ७ फेब्रुवारी २०२४ रोजी इंचॉन जिल्हा न्यायालयाने १९१ भाडेकरूंची १,४८० कोटी वॉनची फसवणूक धरून बांधकामसम्राटाला १५ वर्षांची शिक्षा दिली. कायद्यात तेव्हा याहून जास्त देताच येत नव्हती. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अपील न्यायालयाने ती ७ वर्षांवर आणली, आणि जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेच कायम केलं.

अपील न्यायालयाने वापरलेली फूटपट्टी अशी: ठेव घेतली त्या क्षणी परत देता येणार नाही हे मालकाला माहीत होतं, हे सिद्ध झालं तरच फसवणूक. ते २०२२ च्या सुरुवातीपासून त्याला माहीत होतं असं न्यायालयाने मानलं. त्याआधीचे करार गुन्ह्यातून सुटले. नंतर नूतनीकरण झालेल्या जुन्या करारांतही वाढवलेली रक्कम तेवढी धरली गेली. निम्म्याहून जास्त रक्कम हिशेबातून गळाली. फौजदारी कायदा म्हणून यात खोट काढणं अवघड आहे. कर्ज बुडवणं आणि फसवणूक करणं यांत सगळीकडेच फरक केला जातो. पण याचा अर्थ २०२१ साली ठेव दिलेला भाडेकरू न्यायालयाच्या लेखी बुडीत कर्जाचा धनी ठरला. सावकाराची जोखीम त्याने घेतली होती, असंच जणू निकाल सांगत होता. घर घेताना ही गोष्ट त्याच्याशी कुणी बोललं नव्हतं.

आपल्याकडचा कागद

मुंबईचा संबंध जोडताना जपून बोलायला हवं. इथे हेवी डिपॉझिटसाठी बँका कर्जाचा पूर वाहवत नाहीत, त्यामुळे कोरियासारखी देशव्यापी पडझड होईल असं मी म्हणणार नाही. पण एका घरापुरतं गणित तंतोतंत तेच आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्सचा करार नोंदवणं बंधनकारक आहे आणि ती जबाबदारी मालकाची. मोठी ठेव घेणारे मालक मात्र कधी कराराला टाळाटाळ करतात, तर कधी करारात छोटी रक्कम दाखवून बाकीची ‘वरून’ मागतात. माझ्या एका मित्राने दादरला असं घर घेतलं होतं. त्यावर गृहकर्ज आहे हे त्याला सोसायटीच्या सूचनाफलकावर बँकेची नोटीस लागल्यावर समजलं.

गंमत म्हणजे हा व्यवहार नेमका काय आहे हे आपल्या मुद्रांक शुल्काच्या हिशेबाला पक्कं ठाऊक आहे. शुल्क काढताना परत मिळणाऱ्या ठेवीवर दरसाल १० टक्के व्याज धरतात आणि ते भाड्यात मिळवतात. सरकारी तिजोरीच्या दृष्टीने ठेव हे व्याजी लावलेलं भांडवलच.

नाव चढतं तेव्हा

मिचुहोलमध्ये बिल्डर तुरुंगात गेल्यावर इमारतींना वाली उरला नाही. छतं गळू लागली, दुरुस्तीला कुणाला सांगायचं कळेना. तरी लोक निघून जाऊ शकत नव्हते, कारण रांगेतला नंबर राहण्यावर आणि नोंदवलेल्या पत्त्यावर टिकून असतो. घर सोडलं की हक्क गेला.

त्यावर एक उपाय आहे. न्यायालयाकडे अर्ज करून आपली थकलेली ठेव घराच्या उताऱ्यावर चढवून घ्यायची. तशी नोंद झाली की घर सोडलं तरी नंबर राहतो. पूर्वी यासाठी आधी आदेश घरमालकाच्या हाती पडावा लागे. ऑक्टोबर २०२२ मध्ये सोलमधला एक ‘व्हिलाराजा’ (तिकडे ‘व्हिला’ म्हणजे कमी मजल्यांच्या इमारतीतलं छोटं घर) मेला, तेव्हा त्याच्या नावावर हजारहून जास्त घरं होती आणि कोट्यवधींचा कर थकला होता. वारस पुढे येईनात. आदेश बजावायचा कुणावर? जुलै २०२३ पासून ती अट गेली. आता बजावणी होण्याआधीच नोंद होते.

मग उताऱ्यावर बँकेच्या बोजाखाली भाडेकरूचं नाव, ठेवीची रक्कम आणि तो राहायला आल्याची तारीख छापून येते, आणि तो सामान बांधायला घेतो.